क्रूझचे पैसे आत्ताच भरायचे की थांबायचं?

"आज पूर्ण पेमेंट केलंत तर पाच टक्के सूट, उद्याची गॅरंटी नाही." क्रूझची चौकशी करायला गेलेल्या प्रत्येकाला हे ऐकावं लागतं, मग ऑफिस दादरचं असो, ठाण्याचं असो किंवा एखाद्या हॉलमधलं पर्यटन प्रदर्शन असो. आमच्या घरातल्या सहलींचं बुकिंग माझ्याकडे असतं. भाऊ, वहिनी, दीर, जाऊ सगळे एकच प्रश्न विचारतात : भरून टाकू का गं सगळे?

माझं उत्तर असं की, लवकर बुकिंग करणं आणि लवकर पैसे भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. विकणारा ती मुद्दाम एका दमात बोलतो. पहिलं बहुतेक वेळा फायद्याचं असतं. दुसऱ्याच्या बदल्यात आपल्याला नेमकं काय मिळतंय, ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर पैसे आपल्याच खात्यात राहू द्यावेत. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. उदाहरणं मुख्यतः सिंगापूर, युरोप आणि अलास्काकडच्या सफरींची आहेत. मुंबई-गोव्याचं खाली वेगळं लिहिलं आहे.

१. आधी केबिन अडकवा

घाई असते ती केबिनची. एका केबिनमध्ये तिघं-चौघं झोपतील अशा खोल्या जहाजावर मोजक्याच असतात. शेजारशेजारच्या दोन खोल्या, व्हीलचेअर आत जाईल अशी खोली यांचंही तेच. आई-वडील, दोन मुलं आणि आपण असा लवाजमा असेल, त्यात मुंबईतल्या सगळ्या शाळांची सुट्टी एकदमच लागते, तर आठ-दहा महिने आधी डिपॉझिट भरून जागा धरणं शहाणपणाचं. फक्त नवरा-बायको जाणार असाल आणि तारखा पुढेमागे चालत असतील तर एवढी धावपळ नको.

डिपॉझिट दोन प्रकारचं असतं, परत मिळणारं आणि न मिळणारं. स्वस्त दिसणारं भाडं बहुतेक दुसऱ्या प्रकारचं असतं. दोन्हींतला फरक रुपयांत विचारा. दोन-चार हजारांचाच असेल तर मी डोळे मिटून परत मिळणारं घेते. 'गॅरंटी केबिन' या नावालाही भुलू नका. त्यात गॅरंटी फक्त प्रकाराची असते, म्हणजे आतली, खिडकीची की बाल्कनीची. नेमकी खोली कंपनी ठरवते आणि दोन खोल्या जवळजवळ मिळतीलच असं नाही. म्हातारी माणसं बरोबर असताना हा प्रकार टाळावा.

२. दोन तारखा लिहून घ्या

एक, बाकी रक्कम भरायची शेवटची तारीख. दुसरी, रद्द केल्यास शून्य परतावा मिळू लागतो ती तारीख.

युरोप-अलास्काच्या आठवडाभराच्या सफरींना शेवटचं पेमेंट साधारण ७५ ते ९० दिवस आधी मागतात. लांबच्या सफरींना १२० दिवस किंवा त्याहूनही आधी. १० मेची सफर आणि ९० दिवसांचा नियम धरला तर तारीख येते ९ फेब्रुवारी. त्या तारखेपर्यंत रद्द केलं तर डिपॉझिटपुरतं नुकसान, तेही ते परत न मिळणारं असेल तर. त्यानंतर कपात टप्प्याटप्प्याने वाढत जाते आणि शेवटच्या एक-दोन आठवड्यांत सगळंच जातं. बंदराचे कर आणि शुल्क मात्र, जहाजावर न चढल्यास, बहुतेक कंपन्या परत करतात. ते मागावं लागतं. आपणहून कोणी देत नाही.

सापळा असा की एजंट स्वतःची तारीख सांगतो, आणि ती कंपनीच्या तारखेच्या आधीची असते. त्याला थोडी सवड हवी असते, त्यात गैर काही नाही. पण ती आठवड्याची आहे की दोन महिन्यांची, हे कळायला हवं. कंपनीच्या संकेतस्थळावरचा रद्दीकरणाचा तक्ता आणि एजंटचा तक्ता दोन्ही मागा. एजंटचे स्वतःचे रद्द शुल्क कंपनीच्या कपातीवर वेगळे लागतात, आणि ते छापील अटींच्या तळाशी असतात.

शेवटच्या तारखेआधी भाडं उतरलं तर बऱ्याच कंपन्या नवा दर लावून देतात, अर्थात आपण लक्ष ठेवून विचारलं तर. तारीख गेल्यावर फार तर जहाजावर खर्चायला थोडं क्रेडिट मिळतं. 'आज पूर्ण भरा' वाल्या योजनेत हा हक्क सोडून द्यावा लागतो का, तेवढं विचारून घ्या.

३. सवलतीला एफडीशेजारी बसवा

समजा चौघांचं भाडं तीन लाख, डिपॉझिट साठ हजार, बाकी दोन लाख चाळीस हजार. एजंट म्हणतो आठ महिने आधी भरा. एफडीवर साडेसहा टक्के व्याज धरलं तर आठ महिन्यांत सुमारे १०,४०० रुपये होतात. वरच्या टप्प्यातला कर सेससकट, ३१.२ टक्के, वजा केला तर हातात साधारण ७,१५० उरतात. म्हणजे बाकी रकमेच्या तीन टक्क्यांच्या आसपास.

तेव्हा तीन टक्के सूट म्हणजे केवळ बरोबरी. त्यावर रद्द होण्याची, व्हिसा नाकारला जाण्याची आणि कंपनी गडबडण्याची जोखीम आपण फुकटात घेतो. माझा स्वतःचा उंबरठा सात-आठ टक्क्यांचा आहे. त्याखाली मी हलत नाही. तुमच्या नोकरीत रजा नक्की मिळते की ऐनवेळी 'बघू' म्हणतात, त्यावर तुमचा आकडा ठरवा.

सूट कशावर आहे हेही बघा. पाच टक्के मूळ भाड्यावर असतात. बंदर शुल्क, जीएसटी, टिप्स यांवर नसतात. हिशोब मांडला की पाचाचे साडेतीन झालेले असतात. आणि सूट म्हणून 'जहाजावरचं क्रेडिट' देत असतील तर ते पैसे नव्हेत. ते तिथल्या महागड्या कॉफीवर आणि फोटोंवर संपतं.

४. डॉलरचा विचार करा, पण त्याने घाबरू नका

लवकर भरण्याचं एक खरंखुरं कारण भारतीय माणसाला असतं, ते म्हणजे रुपया. बहुतेक परदेशी क्रूझचं भाडं डॉलरमध्ये, नाहीतर युरोत किंवा सिंगापूर डॉलरमध्ये असतं. ज्या दिवशी भराल त्या दिवशीचा दर लागतो. २०२४ च्या सुरुवातीला डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. तीन हजार डॉलर बाकी असतील तर हा फरक एकवीस हजारांचा.

पण ही वाट सरळ नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉलर ८७ च्या वर होता आणि मेच्या सुरुवातीला ८४-८५ वर आला. फेब्रुवारीत घाबरून भरलेल्यांना मेमध्ये हळहळ वाटली असेल, आणि मेपर्यंत थांबून पुढेही थांबलेल्यांना डिसेंबरात. आठ महिन्यांच्या अंतरात रुपया कुठे जाईल यावर पैज लावण्यापेक्षा एजंटला तीन प्रश्न विचारा :

– डिपॉझिट भरलं त्या दिवशीचा दर पूर्ण रकमेला लागू आहे की फक्त डिपॉझिटला?
– तुमचा दर बँकेच्या दरापेक्षा किती वर आहे? दीड-दोन रुपये वर लावणारे बरेच आहेत, आणि त्यात पाच टक्क्यांतली निम्मी सूट गेलेली असते.
– रद्द केलं तर परतावा कोणत्या दराने? आज ९० ने घेऊन उद्या ८७ ने परत देणार असतील तर ते आधी कळलेलं बरं.

फक्त दराचीच चिंता असेल तर जहाजावरच्या खर्चापुरते डॉलर बँकेच्या फॉरेक्स कार्डवर भरून ठेवता येतात. दरही ठरतो आणि पैसेही आपल्याच ताब्यात राहतात. मात्र न वापरलेलं परकी चलन ठेवण्यावर बंधनं आहेत. कार्ड घेताना ती बँकेत विचारा.

५. पैसे नेमके कोणाकडे जाऊन बसतात, ते शोधा

या लेखातली एकच पायरी वाचणार असाल तर ही वाचा.

तुम्ही एजंटला पूर्ण रक्कम दिली म्हणजे ती क्रूझ कंपनीला पोचली असं नाही. कंपनीने मागितलेलं असतं फक्त डिपॉझिट. उरलेले पैसे शेवटच्या तारखेपर्यंत एजंटच्या खात्यात राहू शकतात, आणि त्यातून तो दुसऱ्याची विमान तिकिटं काढतो. बहुतेक एजंट प्रामाणिक असतात आणि वेळेवर भरतात. पण ज्याचा धंदा अडखळला, त्याच्याकडे तुमचे आठ महिने आधी दिलेले पैसे अडकतात. कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त डिपॉझिट भरलेलं असतं आणि तारीख उलटली की बुकिंग आपोआप रद्द होतं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. डिपॉझिट भरताच कंपनीचा बुकिंग क्रमांक मागा. एजंटचा फाइल क्रमांक नव्हे, कंपनीचा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये आडनाव आणि सफरीच्या तारखेसह टाका. बुकिंग दिसायला हवं. भरलेली आणि बाकी रक्कम तिथे दिसत नसेल, काही कंपन्या एजंटच्या बुकिंगवर ती लपवतात, तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून शेवटच्या पेमेंटची तारीख आणि स्थिती विचारा. "ग्रुप ब्लॉक आहे, नावं नंतर पडतील" असं उत्तर एजंटकडून आलं, म्हणजे खोल्या गटासाठी एकत्र धरल्यात पण तुमच्या नावावर नाहीत, तर नावं पडेपर्यंत डिपॉझिटच्या वर एक रुपया देऊ नका.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला एका एजंटने पैसे 'सोयीसाठी' स्वतःच्या बचत खात्यावर यूपीआयने पाठवायला सांगितले होते. काकूंनी तिथल्या तिथे नाही म्हटलं, आणि बरं केलं. पैसे एजन्सीच्या नावाच्या चालू खात्यातच जावेत, पावतीवर जीएसटी क्रमांक असावा आणि तुमचं नाव, जहाजाचं नाव आणि सफरीची तारीखही असावी. 'टूर ॲडव्हान्स' एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका.

६. व्हिसाची तारीख पैशांच्या तारखेशेजारी मांडा

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. म्हणजे दहा महिने आधी पूर्ण पैसे भरलेत तर व्हिसा मिळेल की नाही याचा पत्ता नसताना भरलेत. व्हिसा नाकारला हे कारण क्रूझ कंपन्या मानत नाहीत, कपात नेहमीप्रमाणे लागते. त्यामुळे सहा महिन्यांची खिडकी उघडताच अर्ज टाकायचा आणि शेवटच्या पेमेंटच्या तारखेआधी पासपोर्ट हातात घ्यायचा प्रयत्न करायचा. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मुंबईत लांबची मिळते, तेव्हा अलास्काच्या सफरीत आधी व्हिसा, मग पैसे. शिवाय व्हँकूवरहून सुटणारं जहाज असेल तर कॅनडाचा व्हिसाही लागतो.

आणखी एक फसवी गोष्ट. जहाज बार्सिलोनाहून निघून मध्येच तुर्कस्तानला थांबून परत शेंगेन देशात येत असेल तर एका प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. अर्जात एकापेक्षा जास्त प्रवेश मागा आणि सफरीचा पूर्ण मार्ग जोडा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने असावी, हे तर आहेच.

७. जहाज कंपनीची प्रकृती बघा

मुंबईकरांना याची उदाहरणं लांब शोधायला नकोत. जालेश क्रूझेसचं 'कर्णिका' एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून धुमधडाक्यात सुरू झालं. २०२० च्या साथीत कंपनी बंद पडली आणि जहाज अलंगला भंगारात गेलं. सिंगापूरहून आपली माणसं ज्या ड्रीम क्रूझेसने जायची, तिची मूळ कंपनी गेंटिंग हाँगकाँग जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. 'लाइफ ॲट सी' नावाची तीन वर्षांची जगप्रदक्षिणा तर नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाली, कारण कंपनीला जहाजच विकत घेता आलं नव्हतं. लोकांनी मोठ्या रकमा भरल्या होत्या, काहींनी घरंसुद्धा आवरली होती. परतावा हप्त्यांनी देऊ असं त्यांना सांगण्यात आलं.

मोठ्या, जुन्या कंपन्याही २०२० मध्ये अडकल्या, पण तगल्या. त्यांनी रोख परतावा किंवा पुढच्या सफरीसाठी १२५ टक्क्यांपर्यंत क्रेडिट असा पर्याय दिला, आणि रोख मागणाऱ्यांना महिनोन् महिने थांबावं लागलं. तेव्हा नवी कंपनी, एकच जहाज, किंवा अजून बांधून न झालेलं जहाज असेल तर सवलत कितीही गोड असो, पैसे शेवटच्या तारखेला. प्रवास विम्यात रद्दीकरणाचं कलम असतं, पण ते ठरावीक कारणांपुरतं : स्वतःचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण, मृत्यू वगैरे. कंपनी बुडाल्यास भरपाई आहे का, आणि आई-वडिलांचे जुने आजार धरलेत का, हे पॉलिसीच्या मजकुरात वाचा. फोनवरच्या गोड आवाजावर जाऊ नका.

८. टीसीएस : भरायचं, पण विसरायचं नाही

भारतातल्या एजंटकडून परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की तो किमतीवर टीसीएस, म्हणजे सरकारसाठी आगाऊ गोळा केला जाणारा आयकर, घेतो. ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक मर्यादेपर्यंत पाच टक्के आणि वर वीस टक्के असा दर होता, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा सातवरून दहा लाखांवर गेली. अर्थसंकल्पात हे आकडे हलतात, म्हणून भरायच्या दिवशीचा दर विचारा. हे पैसे बुडत नाहीत. पॅनवर जमा होतात, विवरणपत्रात वळते होतात, आणि पगारदारांना ते आपल्या ऑफिसला कळवून टीडीएसमध्येही जुळवून घेता येतात.

लवकर भरण्याशी याचा संबंध असा : टीसीएस पैसे घेतानाच घेतला जातो. मार्चअखेरीस भरलेत तर तो याच वर्षाच्या विवरणपत्रात मिळेल. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरलेत आणि टीडीएसमध्ये जुळवला नाहीत, तर विवरणपत्रासाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबा.

९. भरायचंच ठरलं, तर कसं

क्रेडिट कार्ड सगळ्यात बरं. सेवा मिळालीच नाही तर बँकेकडे व्यवहाराला आव्हान देता येतं, एनईएफटीत ती सोय नाही. एजंट कार्डावर दोन टक्के जादा मागतो, ती मी विम्याच्या हप्त्यासारखी रक्कम समजते. मात्र आव्हानालाही मुदत असते आणि आठ-दहा महिने आधीच्या व्यवहाराला बँक काय म्हणते ते आधी विचारलेलं बरं. परदेशी संकेतस्थळावर थेट भरलंत तर बँकेचं परकी चलन शुल्क, बऱ्याच कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के आणि वर जीएसटी, धरून चाला.

'नो कॉस्ट ईएमआय' पूर्ण फुकट नसतो. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्याच माथी. सफर रद्द झाली तरी हप्ते चालूच राहतात, परतावा येईल तेव्हा येईल.

लागणारी कागदपत्रं आणि माहिती, पैसे देण्याआधी एका फोल्डरमध्ये :

– सगळ्यांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या प्रती
– ज्याच्या नावावर पावती हवी त्याचं पॅन
– कंपनीचा बुकिंग क्रमांक आणि रद्दीकरणाचे दोन्ही तक्ते, पीडीएफमध्ये
– डॉलरचा लागलेला दर लेखी, व्हॉट्सॲपवर आला तरी चालेल
– विमा पॉलिसीचा पूर्ण मजकूर
– गरोदर बाई किंवा तान्हं बाळ बरोबर असेल तर कंपनीचे नियम. सफरीदरम्यान २४ आठवडे पूर्ण होत असतील तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत, आणि सहा महिन्यांखालच्या बाळालाही नाही. दहा महिने आधी पैसे भरणाऱ्या नव्या जोडप्यांनी हे नीट वाचावं.

नावांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्याकडे कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं, कुणाच्या नसतं, लग्नानंतरचं आडनाव आधारवर बदललेलं आणि पासपोर्टवर जुनंच. बुकिंग पासपोर्टप्रमाणेच हवं. शेवटच्या पेमेंटनंतर नाव बदलायला गेलात तर काही कंपन्या ते रद्द करून नवं बुकिंग धरतात.

मुंबई-गोव्याचं काय?

दोन-तीन रात्रींच्या कॉर्डेलियासारख्या सफरीला एवढा खटाटोप नको. रुपयांतलं भाडं, व्हिसा नाही, परदेशी सहलीचा टीसीएस नाही. इथे फक्त दोन गोष्टी बघा. तारीख बदलायला किती पैसे लागतात, कारण या सफरींत रद्द करण्यापेक्षा तारीख बदलणं स्वस्त पडतं. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी असलेली सफर घेताय का. गेली काही वर्षं पावसाळ्यात जहाज चेन्नईकडे नेतात, त्यामुळे मोसमाच्या शेवटच्या सफरीची तारीख चुकली तर बदलून घ्यायला पुढची तारीखच मुंबईहून लवकर मिळत नाही. लक्षद्वीपची सफर असेल तर प्रवेश परवाना कोण काढणार हे लेखी घ्या.

पैसे भरल्यानंतर

दोन-तीन दिवसांनी कंपनीकडून बाकी शून्य झाल्याची खात्री करा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. एजंट टाळाटाळ करत असेल तर आधी लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. एजंट दिल्लीचा असला तरी मुलुंडच्या माणसाला दिल्लीला जावं लागत नाही.

वाय-फाय, ड्रिंक्स, टिप्स यांचे पैसे मात्र भाड्यात मिसळू नका. वाय-फाय आणि ड्रिंक्स जहाजावर चढल्यावर महाग पडतात, म्हणून आधी घेणं बरं. बऱ्याच कंपन्यांत ते सफरीआधी रद्द करून पुन्हा कमी दरात घेता येतात. महिन्यातून एकदा ॲप उघडून दर बघत जा.